नवा दगड, जुनी काळी

डिसेंबरात खान्देशी माणसाला गाव सोडून फिरायला चल म्हणणं मला तरी पटत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसल्याचं व्याज या महिन्यात मिळतं. बामणोदची हिरवी वांगी आलेली असतात, पऱ्हाट्या वाळलेल्या असतात आणि मळ्यात भरताला बोलावणारा कुणी ना कुणी भेटतोच. अशा दिवसांत आमचा पुतण्या आणि सूनबाई जर्मनीहून गाडी काढून अटलांटिकमधल्या ज्वालामुखीच्या बेटांवर जाऊन राहिले, हे त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, वर्षभर कळलं नव्हतं. नकाशातलं ठिकाण कळलं होतं. कारण कळलं नव्हतं.

या हिवाळ्यात दोघं चोपड्याला आले तेव्हा भरीत भाजता भाजता सगळं बाहेर पडलं. कॅनरी बेटं स्पेनची, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत. युरोप गारठलेला असताना तिथल्या किनाऱ्यावर वीस अंशांच्या आसपास ऊन. मोटारहोम चालवत स्पेनच्या दक्षिण टोकाला, कादिसला जायचं, तिथे गाडीसकट बोटीत चढायचं आणि दिवसाहून जास्त प्रवास करून बेटावर उतरायचं. मग लान्झारोते, ला पाल्मा, एल इएरो अशी एकेक बेटं. गाडीत झोपायची जागा, गॅस, पाण्याची टाकी, बेसिन. संडासही गाडीतच, हे ऐकून वहिनींनी वांग्यावरचा हात आखडला. सूनबाई सांगत होती की टाकीतलं पाणी पुरवून वापरणं सुरुवातीला अवघड गेलं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे सांगणं म्हणजे कमालच.

आणि संसार घेऊन हिवाळाभर फिरणं आपल्याकडे नवं कुठे आहे? दिवाळीनंतर ठेलारी मेंढ्या घेऊन निघतात, तेव्हा घोड्यावर खाट, भांडी, कोंबड्या, वर लेकरू. फरक एवढाच की त्यांना कुणी ‘सहल कशी झाली’ असं विचारत नाही. असो.

पुतण्याला त्या बेटांवर काय आवडलं, तर शांतता. एल इएरोवर अकरा हजारांच्या आसपास माणसं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढं सगळं बेट. काळ्या दगडाच्या उतारावर गाडी लावायची, दार उघडायचं, समोर समुद्र. दिवसभर दुसरी गाडी दिसली नाही तरी चालतं. मला मात्र फोनमधल्या फोटोंत शांततेपेक्षा तो दगड दिसत होता. कारण तो आपलाच दगड आहे, फक्त फारच ताजा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथेही हेच चाललं होतं. शंकूसारखा एकच डोंगर फुटला असं नाही. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला, थरावर थर. धुळे-नंदुरबारकडे शिवारातून सरळ आडव्या गेलेल्या काळ्या दगडाच्या रांगा दिसतात, त्या अशाच भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या. पुढे ऊन-पावसाने दगड झिजला, तापीने गाळ आणून टाकला आणि आपण त्याला काळी म्हणू लागलो. अडावदजवळ उनपदेवला अजूनही गरम पाणी येतं, तेवढीच काय ती धग.

लान्झारोतेवर १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं आग ओकणं चाललं होतं. तिथल्या तिमानफायात आजही सुकं झुडूप खड्ड्यात टाकलं की आपोआप पेट घेतं. जमिनीतल्या उष्णतेवर मांस भाजणारं हॉटेलही आहे. वांगी भाजतात का, हा वहिनींचा प्रश्न. उत्तर आलं नाही. नानांना हॉटेलापेक्षा द्राक्षं आवडली. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस, तरी शेतकरी काळ्या राखेत खोल खड्डा करून वेल लावतात, वाऱ्याकडच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत रचतात. राख ओल धरून ठेवते. ‘म्हणजे मल्चिंगच,’ नाना म्हणाले आणि फोन हातात घेतला.

पुढचा फोटो ला पाल्माचा होता. १९ सप्टेंबर २०२१ ला तिथे कुंब्रे व्हिएहा फुटला, तो १३ डिसेंबरला थांबला. बाराशे हेक्टरांच्या आसपास जमीन लाव्ह्याखाली गेली. घरं गेली, तोदोके नावाचं गाव गेलं आणि केळीच्या बागा गेल्या. केळीच्या! लाव्ह्याच्या काळ्या भिंतीला टेकून राहिलेली हिरवी पानं बघून सगळे गप्प झाले. आमच्या बापाच्या वेळी इथे घराघरात बसराई होती, आणि बसराई म्हणजे ठेंगणी कॅव्हेंडिश. तिथेही त्याच जातीची केळी परंपरेने चालत आलेली.

‘मंग हाई दगडवर पिकाले कितला वरीस लागतीन?’ नानांनी विचारलं.

मी साडेसहा कोटींच्या हिशोबात होतो. पुतण्याने दुसराच फोटो काढला. १९४९ सालीही त्याच बेटावर लाव्हा समुद्रापर्यंत गेला होता. लोक त्याची माती व्हायची वाट बघत बसले नाहीत. दुसरीकडून माती आणली, दगडावर पसरली, बांध घातले आणि केळी लावली. आज त्या लाव्ह्यावर बागा उभ्या आहेत.

नानांना यात नवल वाटलं नाही. धरणाचा गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टरने आणून बरडावर टाकणाऱ्याला ते का वाटावं? त्यांनी विचारलं ते ट्रॉलीच्या भावाचं, किती जाड थर लागतो त्याचं आणि खारं वारं केळीला लागत नाही का त्याचं. पुतण्याला यातलं काही सांगता येईना. बेटावर जाऊन हे विचारलं नाही तर तू बघितलं काय, असा बापाचा चेहरा.

‘आनि भाव काय भेटस?’

भावाचंही ठाऊक नव्हतं. माल बहुतेक सगळा स्पेनमध्येच खपतो आणि सालीवरचे बारीक काळे ठिपके हीच खऱ्या कॅनरी केळ्याची ओळख म्हणून जाहिरातीत मिरवतात, एवढं तो सांगू शकला. नाना ताठ बसले. इथे सालीवर डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो, आणि तिथे डागाची जाहिरात? त्यांनी तो फोटो लगेच स्वतःच्या फोनवर मागून घेतला. उद्या सकाळी केळी कापायला गाडी येणार होती.