पायांच्या शिरांवरचे इंजेक्शन: सुईच्या आधी आणि सुईच्या नंतर

पायांवर उमटणाऱ्या बारीक लाल-निळ्या रेषा आणि पोटरीवर वेटोळी घालून फुगलेल्या शिरा यांवर इंजेक्शनाने उपचार होतो, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. पण ते इंजेक्शन कोणत्या शिरेत आणि कोणत्या तपासणीनंतर द्यायचे, याची चौकशी फार थोडे जण करतात. मी स्वतः हा उपचार घेतला आहे, त्याचा मला फायदाही झाला आहे, आणि म्हणूनच आग्रहाने सांगते की डॉप्लर तपासणी, म्हणजे शिरांतले रक्त कोणत्या दिशेने वाहते हे दाखवणारी सोनोग्राफी, झाल्याशिवाय फुगलेल्या शिरेत सुई टोचून घेऊ नये.

पायांतले रक्त हृदयाकडे, म्हणजे खालून वर, चढवावे लागते. हे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात, आणि वर चढलेले रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण, स्थूलपणा, तासन् तास उभे राहण्याचे काम अशा कारणांनी या झडपा सैल पडल्या की रक्त उलटे वाहते, शिरेतला दाब वाढतो आणि शीर रुंदावत जाते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक त्या स्पायडर व्हेन्स आणि तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड त्या व्हेरिकोज व्हेन्स, असा ढोबळ हिशेब डॉक्टर धरतात. मुद्दा असा की पोटरीवर दिसणारी शीर हे बहुधा शेवटचे टोक असते. रक्त उलटे फिरण्याची सुरुवात जांघेत किंवा गुडघ्यामागे झालेली असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

डॉप्लर सोनोग्राफी शक्यतो उभे राहूनच करतात, कारण झोपल्यावर शिरा रिकाम्या होतात. तपासायचा पाय थोडा सैल सोडून भार दुसऱ्या पायावर घ्यायला सांगतात, थंडगार जेल लावून प्रोब मांडीवरून खाली सरकवतात, आणि मधूनमधून पोटरी दाबून सोडतात. दाबल्यावर पडद्यावर एक रंग उमटतो. हात सोडल्यावर झडप धड असेल तर तो लगेच विझतो, आणि बिघडलेली असेल तर विरुद्ध दिशेचा दुसरा रंग रेंगाळत राहतो. वरवरच्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो दोष समजला जातो. मूळ दोष वर तसाच ठेवून खालच्या शिरेत औषध भरले, तर त्याच दाबाने शेजारच्या शिरा फुगण्याची शक्यता राहते. केवळ बारीक रेषा असतील आणि पाय दुखणे, जड होणे, सुजणे असे काहीच नसेल, तर प्रत्येकालाच एवढी सविस्तर तपासणी लागत नाही. मात्र तो निर्णय डॉक्टरांनी पाय पाहून घ्यावा.

औषध म्हणून बहुतेक ठिकाणी पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट वापरतात. औषधाने शिरेतले रक्त गोठवले जाते, असा सर्वसाधारण समज आहे, पण हेतू तो नसतो. ही औषधे शिरेच्या आतल्या नाजूक अस्तरावर काम करतात: अस्तर खरवडले जाते, भिंतींना सूज येऊन त्या एकमेकींना चिकटतात, कालांतराने शिरेचा बारीक तंतू होतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेते. रक्ताला खोलवरच्या निरोगी शिरांचा मार्ग असतोच, त्यामुळे ही शीर बंद झाल्याने काही अडत नाही. पॉलिडोकॅनॉल मुळात बधिरता आणणारे औषध म्हणून तयार झाले होते, त्यामुळे ते टोचताना आग कमी होते.

बारीक रेषांसाठी ३० गेजची अतिशय पातळ सुई त्वचेला जवळजवळ समांतर धरून घालतात. औषध आत जाताच लाल रेषा डोळ्यांदेखत पांढरी पडत पुढे सरकते. थोड्या वेळाने तिथे तांबूस उंचवटे येतात, खाज सुटते आणि काही तासांत शमते. जाड शिरेत पातळ औषध रक्तात मिसळून फिके पडते, म्हणून त्याचा फेस करतात. टेसारी यांनी २००० च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीत दोन सिरिंज तिहेरी तोटीने जोडून एक भाग औषध आणि चार भाग हवा इकडून तिकडे झपाझप ढकलतात, आणि दाढीच्या साबणासारखा घट्ट पांढरा फेस तयार होतो. तो रक्ताला बाजूला सारून भिंतीला भिडतो आणि सोनोग्राफीवर स्पष्ट दिसतो. मात्र काही मिनिटांतच तो विरू लागतो, त्यामुळे ताजा करून लगेच द्यावा लागतो.

नंतरच्या दिवसांबद्दल मात्र आधी नीट समजावून सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते. पाय लगेच सुंदर दिसत नाहीत. उलट सुरुवातीला ते अधिक वाईट दिसतात. काळेनिळे डाग पडतात, बंद झालेल्या शिरेत अडकलेल्या रक्ताच्या कडक, दुखऱ्या गाठी लागतात (डॉक्टर त्या बारीक छिद्र पाडून रिकाम्या करू शकतात), आणि रक्तातल्या लोहामुळे शिरेच्या मार्गावर तपकिरी पट्टे उठतात, जे बहुतेकांचे काही महिन्यांत फिके होतात, पण काहींचे वर्षभरही टिकतात. कधी कधी उपचार केलेल्या जागेभोवती नव्या, अतिशय बारीक लाल रेषांची दाटी होते. बारीक शिरांचा परिणाम दिसायला साधारण तीन ते सहा आठवडे, तर जाड शिरांचा दिसायला तीन-चार महिने लागतात, आणि एकाच बैठकीत काम क्वचितच संपते. इंजेक्शननंतर लगेच चालायचे असते, आणि सांगितलेले दिवस दाबाचे मोजे घालायचे असतात. पायाच्या धमन्यांत अडथळा असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मोजे घालू नयेत.

गंभीर धोके विरळ आहेत, तरी ते माहीत असलेच पाहिजेत: औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी, औषध शिरेबाहेर किंवा धमनीत गेल्यास त्वचेला होणारी जखम, खोल शिरेत गुठळी. फेसानंतर काहींना थोडा वेळ अंधुक दिसते किंवा अर्धशिशी उठते. पूर्वी गुठळी झाली असेल, हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्याचे निदान झाले असेल, अर्धशिशीचा त्रास असेल, तर हे न विचारताही सांगावे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात. त्या काळात फुगलेल्या पुष्कळ शिरा बाळंतपणानंतर आपोआप ओसरतात.

मांडीतली मुख्य शीरच बिघडलेली असेल, तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार आधी लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीचा (म्हणजे शीर आतून उष्णतेने बंद करण्याचा) विचार करावा, ते योग्य नसेल तर फेसाचे इंजेक्शन, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. फेसाने बंद केलेली जाड शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण लेसर आणि रेडिओफ्रीक्वेन्सीपेक्षा जास्त असते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा डॉप्लर करून घेणे योग्य. इंजेक्शननंतर एकच पाय अचानक सुजला, पोटरी ठणकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, छातीत दुखले, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर थेट रुग्णालय गाठावे.