माशीला झोप हवी आहे, हे कोणाला कळते?

वर्गात फळमाशीचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते : पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारे ते चिलट खरोखर झोपते का, आणि आता झोपायला हवे हे त्याला कळते कसे?

ते झोपते, हे २००० साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. पाच मिनिटे निश्चल राहिलेली माशी सौम्य धक्क्याने हलत नाही; रात्रभर तिला जागे ठेवले तर दुसऱ्या दिवशी ती कसर भरून काढते. ही भरपाई मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बुडालेल्या झोपेचा हिशेब शरीरात कोठेतरी ठेवला जात असल्याशिवाय ती शक्यच नाही.

माशीच्या मेंदूत सुमारे १,४०,००० चेतापेशी असतात. त्यांपैकी पंख्याच्या आकाराच्या एका भागात शाखा पसरणाऱ्या थोड्या पेशी चेतवल्या की माशी झोपी जाते, असे २०११ मध्ये दिसले. (अशा प्रयोगांत नंतर सर्रास वापरले गेलेले जनुकीय साधन छातीतील चेतारज्जूच्या पेशींनाही चेतवते, असा आक्षेप २०२३ मध्ये आला, तो वाद मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.)

ऑक्सफर्डमधील चेताशास्त्रज्ञ गेरो मीझेनबॉक आणि त्यांचे सहकारी या पेशींच्या आत शिरले, आणि खरे उत्तर मला तेथे सापडते. माशी जागी असताना डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन या पेशींना गप्प बसवते. गप्प पेशीला ऊर्जा कमी लागते, पण तिच्या तंतुकणिकांकडे, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांकडे, अन्नातून मिळणारे इलेक्ट्रॉन येतच राहतात. मागणी नसल्याने साचलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काही वाट सोडून ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि त्यातून अतिक्रियाशील, अपायकारक रेणू तयार होतात. पेशीच्या पटलावर पोटॅशियमच्या ये-जा करण्यासाठी असलेल्या मार्गिकेला जोडलेले 'हायपरकायनेटिक' हे प्रथिन या बदलाची नोंद घेते, त्यामुळे मार्गिकेतील प्रवाह बदलतो, पेशी भराभर संदेश सोडू लागते आणि माशीला झोप लागते. झोपेची गरज प्रत्यक्ष रसायनांत मोजता येते, हे मला येथे प्रथम नीट उमगले.

२०२५ मध्ये याच गटाला आढळले की जागरणानंतर या पेशींतील तंतुकणिकांचे तुकडे झालेले असतात. मग त्यांनी मुद्दाम तसे तुकडे घडवून आणले, तेव्हा माश्यांची झोप घटली. तंतुकणिका एकमेकींत विलीन होतील अशी व्यवस्था केली, तेव्हा झोप वाढली.