बायको झाली लेक, नातू झाला आजा: ऑनलाइन वंशावळ दुरुस्त करण्याचा माझा अनुभव

विदर्भातल्या खेड्यांत बऱ्याच घरी वंशावळ पहिल्यांदा कागदावर येते ती जात पडताळणीच्या निमित्तानं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 या तारखांच्या आधीचे पुरावे लागतात. त्यासाठी कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचं पुस्तक), अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्काची नोंद), शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर यांच्या नकला निघतात. मग घरातला एखादा हौशी पुतण्या तीच नावं फॅमिलीसर्च किंवा जेनी अशा वंशावळीच्या संकेतस्थळांवर चढवतो आणि झाडाला भलत्याच फांद्या फुटतात. सोयऱ्याधायऱ्यांच्या अशा वंशावळी मी दुरुस्त करत असतो. चुका हसू आणणाऱ्या असतात, पण त्या येतात ठरलेल्या जागांहूनच.

हात लावण्याआधी जमत असेल तिथे झाडाची जेडकॉम फाईल (वंशावळीची सगळी माहिती असलेली प्रत) उतरवून ठेवतो आणि फाईलच्या नावात तारीख टाकतो. नंतर कागद न उघडता नुसतं गणित तपासतो. आई आणि लेकरात तेरापेक्षा कमी किंवा पन्नासपेक्षा जास्त वर्षांचं अंतर आहे का, दोन सख्ख्या भावांत नऊ महिने तरी आहेत का, बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी मूल जन्मलंय का. एवढ्यातच निम्मा गोंधळ उघडा पडतो.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या बायकांच्या नोंदी. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर पुरुष 'गणपत वल्द महादेव' असा, सवाशीण 'सगुणा जौजे गणपत' अशी आणि विधवा 'सगुणा बेवा गणपत' अशी लिहिलेली असते. ऑनलाइन फॉर्ममध्ये एकानं 'सगुणा गणपत' भरलं, मधलं नाव बापाचंच असणार असं धरून गणपतला तिचा बाप केलं. दुसऱ्या चुलतभावानं तिला बरोबर बायको म्हणून जोडलं. आता सगुणा गणपतची लेकही आहे आणि बायकोही, आणि तिची पोरं तिचेच भाऊ-बहीण झालीत. एका झाडात तर 'बेवा' हे आडनाव होऊन बसलं होतं. यावर उपाय म्हणजे व्यक्ती पुसायची नाही. बाप-लेकीचा धागा तेवढा सोडवायचा, नवरा-बायकोचा ठेवायचा. मुख्य नावात माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव लिहायचं, सासरचं नाव 'इतर नावे' या रकान्यात टाकायचं.

लग्नात नाव बदलल्यामुळे एकच बाई झाडात दोन वेगळ्या बायका होऊन बसते, तेही इथेच सापडतं. पण लगेच एकत्र करू नका. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे. त्याआधी दोन बायका खरोखर असू शकतात. नवरा वारल्यावर झालेला वारस फेरफार, म्हणजे त्याच्या जमिनीवर वारसांची नावं चढल्याची नोंद, काढा. दोन विधवा असतील तर सहसा दोघींची नावं तिथे दिसतात.

दुसरी मोठी जागा म्हणजे आज्याचं नाव नातवाला. गणपत वल्द महादेव, त्याचा मुलगा महादेव वल्द गणपत आणि त्याचा मुलगा पुन्हा गणपत वल्द महादेव. पहिला आणि तिसरा कागदावर अक्षरशः सारखे. संकेतस्थळ 'हे एकच दिसतात' असं सुचवतं, कुणीतरी होकार देतो आणि मधला महादेव त्याच गणपतचा बापही होतो आणि पोरगाही. नावावरून हे सुटत नाही. आईचं नाव, भावांची नावं, शेताचा खसरा नंबर आणि कोतवाल बुकातली मृत्यूची नोंद या चार गोष्टी लावून बघा. खात्री झाली की फॅमिलीसर्चवर बदलांच्या यादीत जाऊन विलीनीकरण मागे घेता येतं. तिथे कारण लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका, नाहीतर पुढचा माणूस त्या दोघांना परत एक करतो.

कागदावरचे शेरेही माणसं होऊन बसतात. कोतवाल बुकात जन्माची नोंद बारशाच्या आधीची, म्हणून 'गणपत यास मुलगा' एवढंच लिहिलेलं. झाडात त्या पोराचं नाव 'मुलगा'. सातबाऱ्यावर 'अज्ञान वसंता, अ.पा.क. आई सगुणा' असतं. म्हणजे वसंता तेव्हा नाबालिग होता आणि आई पालनकर्ती. झाडात मात्र त्याचं नाव 'अज्ञान'. 'निरंक' (म्हणजे 'काही नाही') नावाचा पूर्वजही मी पाहिला आहे.

तारखांमध्ये 1 जुलै दिसली की थांबावं. मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजानं टाकलेली ती तारीख, म्हणून चारही भाऊ 1 जुलैचे. कोतवाल बुकातली तारीख मिळाली तर ती मुख्य, शाळेची पर्यायी. काहीच नसेल तर 'अंदाजे 1948' लिहा. वऱ्हाडातल्या निजामकालीन कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलासाठीची जुनी वेगळी कालगणना, असतं. त्यात साधारण 590 मिळवा. फसली 1250 म्हणजे 1840 च्या आसपास. ते न मिळवल्यामुळे आजा आणि नातवात सहाशे वर्षांचं अंतर पडलेलं मी सोडवलं आहे.

गावाचं नाव यादीतून निवडताना पहिल्या पर्यायावर बोट ठेवू नका. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्ध्यात. जिल्हाही घटना घडली त्या काळचा लिहावा: 1970 मध्ये आरमोरीला जन्मलेला माणूस चंद्रपूर जिल्ह्यातला, कारण गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 चा. आणि गाव उजाड होऊन रीठ झालं असेल तर यादीत सापडेलच असं नाही. शेजारचं गाव टाकू नका. नाव हातानं लिहा, पुढे 'रीठ' आणि तालुका लिहा. पटवाऱ्याच्या दप्तरात ते गाव अजून त्याच नावानं आहे.