शेवटचं पान

“शेवटचं पान आहे का, ते बघ आधी.”

नव्या पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात साठीतले दोन काका इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्यात घुसले होते. “मँड्रेक नुसता हात हलवतो बे, वेताळ ठोसा देतो!” (जादूगार मँड्रेक काय, मुखवट्यातला वेताळ काय, दोन्ही नायक ली फॉक ह्या एकाच लेखकाचे, पण सांगणार कोण?) १९६४ला सुरू झालेलं इंद्रजाल १९९०ला बंद पडलं. ह्यांचं भांडण चालूच.

एका अंकाच्या कोपऱ्यावर निळ्या शाईत लिहिलेलं, ‘बाळ्या, वाचून परत दे. दादा.’

एका काकांनी त्यावरनं अंगठा फिरवला. “आमचा दादा पण असंच लिहायचा.”

शेवटचं पान नव्हतं. तरी घेतला.

माझ्या मोबाइलमध्ये ढीगभर कॉमिक्स पडलेत. त्यांच्या कोपऱ्यावर कुणी काय लिहायचं?