जुन्या छपाईचं ओसीआर, नोंद ९: पायवर अखेर ५.३.४

काल रात्री पावणेबाराला पायच्या, म्हणजे माझ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या, टर्मिनलवर 'टेसरॅक्ट ५.३.४' ही ओळ उमटली. टेसरॅक्ट म्हणजे छापील पानाच्या चित्रातून मजकूर वाचणारा, ओसीआर करणारा प्रोग्रॅम. मी उठलो, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, परत येऊन तीच आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा ५.३.४. तेरा दिवस हे यंत्र मला ५.३.० सांगत होतं, आणि तेही मी स्वतः सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करून बसवलेल्या बायनरीच्या (चालणाऱ्या प्रोग्रॅम-फाइलच्या) तोंडून. कारण सापडलंय. रास्पबेरी पायवर सोर्सवरून काहीही बसवणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी आडवं येणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता फक्त पायवर बसवायचं राहिलंय, एका संध्याकाळचं काम. लॅपटॉपवर सगळं झालं होतं: सोर्सवरून ५.३.४, टेसरॅक्टच्या 'बेस्ट' या तयार संचातल्या मराठीवर शिकवलेली, जुनी छपाई ओळखणारी माझी भाषा-फाइल 'मार_जुना', गावच्या वाचनालयाच्या जुन्या अहवालांवर चाचणी. पाय ४ वर बुकवर्म आहे, म्हणजे डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती, आणि ॲप्टमधून (डेबियनच्या तयार पॅकेजांतून) मिळतं ते ५.३.०. शिकवलेली फाइल ५.३.० लाही चालते. पण मला दोन्ही यंत्रांवर एकच आवृत्ती हवी होती. एकाच पानावर लॅपटॉप एक चूक करतो आणि पाय दुसरी, तर दोष फाइलचा, स्कॅनचा की आवृत्तीचा, हे कळणार कसं?

म्हणून लॅपटॉपवरच्याच पायऱ्या, त्याच क्रमानं. ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, सुडो एलडीकॉन्फिग: कोड बांधून यंत्रावर बसवण्याच्या आज्ञा. प्रीफिक्स, म्हणजे कुठे बसवायचं तो पत्ता, दिला नव्हता, त्यामुळे सगळं /यूएसआर/लोकल मध्ये गेलं. मार_जुना /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये ठेवली, १९३८ च्या अहवालाचं पहिलं पान दिलं, आणि उत्तर आलं की /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/५/टेसडेटा/मार_जुना.ट्रेन्डडेटा उघडता येत नाही. मग टेसडेटा_प्रीफिक्स (भाषा-फाइलींचं फोल्डर कुठे ते सांगणारी सेटिंग) तपासा ही सूचना, आणि शेवटी एकही भाषा लोड झाली नाही म्हणून काम बंद.

सगळं उत्तर या एका ओळीत होतं. मी /यूएसआर/लोकल मध्ये बसवलेला प्रोग्रॅम डेबियनच्या पॅकेजच्या फोल्डरमध्ये फाइल शोधत होता. ते फोल्डर त्याला सांगितलं कुणी? हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. मी मात्र सूचना वाचली आणि सूचनेप्रमाणे टेसडेटा_प्रीफिक्स लावत बसलो.

त्यातही दोन संध्याकाळी गेल्या. माझ्या जुन्या वहीत लिहिलेलं होतं की टेसडेटाच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. ते टेसरॅक्ट ३ च्या काळातलं. ४ पासून थेट टेसडेटा फोल्डरचाच पत्ता लागतो. ते दुरुस्त केलं, पान वाचलं गेलं, मजकूर आला. खूश होऊन पीडीएफ मागितली, तर 'पीडीएफ' नावाची कॉन्फिग उघडेना. कारण मी पत्ता दिला होता होम फोल्डरमधल्या एका नव्या फोल्डरचा, आणि त्यात फक्त ट्रेन्डडेटा फाइल होती. टेसडेटामध्ये 'कॉन्फिग्ज' हे उपफोल्डर आणि 'पीडीएफ.टीटीएफ' ही फाइलही लागते, त्या मेक इन्स्टॉल आपोआप टाकतं. स्वतःचं वेगळं फोल्डर करायचं असेल तर या दोन गोष्टी उचलून न्यायला विसरू नका.

या सगळ्यात एक पान मात्र असं आलं की ते वाचून अंगावर काटा आला. १९३८ च्या अहवालातली ओळ: 'या सालीं वाचनालयांत नवीं पुस्तकें फारशीं घेतां आलीं नाहींत.' आठच्या आठ शब्दांवरचे अनुस्वार जागच्या जागी. नेहमीचं मराठी मॉडेल यातले निम्मे गाळतं, कारण त्याची मराठी आजची आहे, १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकल्यानंतरची. त्याला 'वाचनालयांत' म्हणजे अनेक वाचनालयं वाटतात. इथे वाचनालय एकच आहे, गावाच्या चौकातलं, कौलारू. मार_जुनानं अनुस्वार ठेवला. ते पान मी छापून टेबलासमोर लावलंय.

पण आवृत्ती विचारली की ५.३.०.

पहिला संशय बॅशवर, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या शेलवर. बॅश एकदा सापडलेल्या प्रोग्रॅमचा पत्ता लक्षात ठेवतं, नवीन ठिकाणी नवीन बायनरी आली तरी जुन्याच दारात जातं. 'हॅश -आर' करून तो विसरायला लावला. फरक नाही. 'टाइप -ए टेसरॅक्ट' केलं, तर पहिला /यूएसआर/लोकल/बिन मधला, दुसरा /यूएसआर/बिन मधला. म्हणजे पाथ, प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत कुठल्या क्रमानं शोधायचा ती यादी, बरोबर. शेवटी पूर्ण पत्ता टाइप करून /यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट चालवलं. ५.३.०.

मग वाटलं, कंपाइलच चुकलं असेल, कोडची चुकीची आवृत्ती (टॅग) चेकआउट झाली असेल. बिल्ड फोल्डरमध्ये जाऊन तिथला टेसरॅक्ट चालवला. ५.३.४! तोच कोड, तेच मेक. इन्स्टॉल करण्याआधी ५.३.४, इन्स्टॉल केल्यावर ५.३.०. इथे मी तीन दिवस अडकलो. दोनदा मेक क्लीन करून पुन्हा सगळं बांधलं. दर वेळी पंचवीस मिनिटं, पाय तापून पंखा घरघरतोय, आणि शेवटी तेच. मध्ये एसडी कार्डावरही संशय घेतला, कारण याआधी बाजारातून घेतलेल्या एका स्वस्त कार्डानं लिहिलेल्या फाइली गिळल्या होत्या. आता पाय यूएसबी एसएसडीवरून चालतो. बिल्डसाठी हा बदल कराच, मी हे मनापासून सांगतो. कार्डावर कंपाइल करण्यात आयुष्य घालवू नका.

गटातल्या एका ताईंनी विचारलं, 'बिल्ड फोल्डरमधली टेसरॅक्ट फाइल कॅटनं (मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेनं) उघडून बघितलीत का?' उघडली. ती बायनरी नव्हतीच, शेल स्क्रिप्ट होती. लिबटूल हे बांधणीतलं साधन बिल्डच्या वेळी एक वेष्टन स्क्रिप्ट ठेवतं. खरी बायनरी '.लिब्ज' मध्ये असते, आणि स्क्रिप्ट तिला शेजारचीच, आत्ता बांधलेली लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडची वेगळी फाइल) दाखवून चालवते. इन्स्टॉल झाल्यावर हे बोट धरणारं कुणी राहत नाही. लायब्ररी कुठली घ्यायची ते लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ऱ्या शोधून देणारा लिनक्सचा भाग, ठरवतो.

आणि आवृत्तीचा आकडा येतो लायब्ररीतून. टेसरॅक्टची बायनरी म्हणजे नुसतं दार, सगळं घर लिबटेसरॅक्टमध्ये. टेसडेटाचा ठरलेला पत्ताही त्या लायब्ररीतच कंपाइल झालेला असतो. पहिल्या दिवशीच्या त्या चुकीच्या ओळीचा अर्थ आत्ता लागला.

प्रोग्रॅम कुठल्या लायब्ऱ्या घेतो ते दाखवणारं एलडीडी लावलं. लिबटेसरॅक्ट.एसओ.५ समोर पत्ता: /लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू. डेबियनची लायब्ररी. ५.३.० आणि ५.३.४ दोन्हींचं सोनेम (लोडर ज्या नावानं लायब्ररी शोधतो ते नाव) एकच, लिबटेसरॅक्ट.एसओ.५, त्यामुळे माझ्या बायनरीनं ती बिनतक्रार घेतली. सोनेम वेगळं असतं तर लायब्ररी सापडली नाही म्हणून लगेच आरडाओरडा झाला असता आणि माझे तेरा दिवस वाचले असते.

पण मग लॅपटॉपवर हेच सगळं सुरळीत कसं चाललं? तिथेही ॲप्टचं ५.३.० आहे, तिथेही /यूएसआर/लोकल. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून 'एलडीकॉन्फिग -पी' चं आउटपुट, म्हणजे लोडरची लायब्ऱ्यांची यादी, ताडून बघितलं. दोन्हीकडे दोन-दोन लिबटेसरॅक्ट. लॅपटॉपवर लोकलची वर, पायवर डेबियनची वर. मग 'एलडीकॉन्फिग -व्ही' चालवलं. ते प्रत्येक फोल्डरसमोर ते कुठल्या फाइलमधून आलं तेही लिहितं, आणि तिथे सगळं उलगडलं.

/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात. /यूएसआर/लोकल/लिब चा उल्लेख 'लिबसी.कॉन्फ' मध्ये, नाव सुरू होतं इंग्रजी एलनं. सिस्टिमच्या लायब्ऱ्यांचे पत्ते ज्या फाइलमध्ये, तिचं नाव यंत्राच्या जातीवरून. लॅपटॉपवर ती 'एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.कॉन्फ', पायवर 'एआर्च६४-लिनक्स-जीएनयू.कॉन्फ'. एक्स एलच्या नंतर येतो, ए एलच्या आधी. एवढंच. इंटेलवर, म्हणजे लॅपटॉपच्या जातीवर, लोकलला पहिला मान, एआरएमवर, म्हणजे पायच्या जातीवर, सिस्टिमला, आणि ते ठरवतो फाइलच्या नावाचा पहिला वर्ण. ३२ बिटांच्या पायवरही हीच गत, तिथली फाइल 'एआरएम' नं सुरू होते.

मला हे डेबियनच्या बाजूनं नीट व्हायला हवं असं ठाम वाटतं. /यूएसआर/लोकल म्हणजे यंत्राच्या मालकानं स्वतः बसवलेल्या गोष्टींची जागा. पाथमध्ये ती आधी, कंपाइलच्या वेळी लायब्ऱ्या शोधणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगमध्ये आधी, मग लोडरच्या यादीत एका जातीच्या प्रोसेसरवर मागे का?

उपाय म्हणून पहिल्यांदा एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची ते सांगणारी सेटिंग) लावून बघितला. लगेच ५.३.४. पण ते माझ्या शेलपुरतं. सुडो ते पुसून टाकतं, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनला त्याचा पत्ता नसतो, आणि माझं काम तर रात्री क्रॉनवरच चालतं. सोडून दिलं. मग '०००-लोकल.कॉन्फ' नावाची फाइल केली, त्यात /यूएसआर/लोकल/लिब ही एक ओळ, आणि सुडो एलडीकॉन्फिग. शून्य एच्याही आधी येतो. ५.३.४ आलं, सगळीकडे, कायमचं. ही गोष्ट परवाची, आणि हीच या नोंदीची शेवटची ओळ होणार होती.

काल सकाळी आई म्हणाली, 'अरे, माझे रिपोर्ट शोधात येईनात.' तिचे रक्ततपासणीचे रिपोर्ट मी स्कॅन करून ठेवतो आणि रात्री क्रॉन त्यांची शोधता येईल अशी पीडीएफ करतो. क्रॉनचा पाथ असतो फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन, म्हणजे तिथे चालतं डेबियनचं टेसरॅक्ट. आणि माझ्या नव्या ओळीमुळे आता तेही माझी लायब्ररी घ्यायला लागलं होतं. ती इंग्रजीची फाइल शोधत होती /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये, तिथे फक्त मार_जुना. लॉगमध्ये परवा रात्री एकही भाषा लोड न झाल्याच्या ओळी. आईला रिपोर्ट डॉक्टरांकडे न्यायचे होते. मूळ कागद काढून दिले, पण ती चुळबुळ मला फार लागली. माझ्या छंदापायी तिच्या कामात अडथळा यायला नको.

खरं तर या नोंदीचा मसुदा लिहिताना '०००-लोकल वापरा आणि इंग्रजीची फाइल लोकलमध्येही टाका' असं लिहीत होतो. लिहिता लिहिता वाटलं, लिबटूलनं माझ्या बायनरीत पत्ता कोरला का नाही? बायनरीच्या आतल्या नोंदी दाखवणाऱ्या 'रीडएल्फ -डी' नं बघितलं, रनपाथची, म्हणजे अशा कोरलेल्या पत्त्याची, ओळच नाही. कारण असं की लिबटूल कॉन्फिगरच्या वेळी एलडी.एसओ.कॉन्फ वाचतं. /यूएसआर/लोकल/लिब त्या यादीत आहे, म्हणजे लोडरला ही जागा माहीत आहे, मग कोरायची गरज नाही असं ते ठरवतं. तर मग लोडरला माहीत नसलेल्याच जागी बसवलं तर?

मसुदा तसाच ठेवून उठलो. ०००-लोकल काढून टाकली. बिल्ड फोल्डर जपून ठेवलं होतं म्हणून त्यातूनच सुडो मेक अनइन्स्टॉल करून /यूएसआर/लोकल स्वच्छ केलं. मग एलडीकॉन्फिग, आणि नवीन कॉन्फिगर, या वेळी प्रीफिक्स /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.३.४. पंचवीस मिनिटं. 'रीडएल्फ -डी': रनपाथ, /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.३.४/लिब. मी एकही जादा फ्लॅग दिला नव्हता. रनपाथ लोडरच्या यादीच्या आधी पाहिला जातो, त्यामुळे यादीत ए आधी की एल, याचा आता संबंधच उरला नाही. पावणेबाराची ती ओळ यानंतरची.

डेबियनचं टेसरॅक्ट विचारलं, ते ५.३.० म्हणालं, स्वतःच्या लायब्ररीसह. दोघं शेजारी नांदताहेत. /यूएसआर/लोकल/बिन मध्ये 'टेस-जुना' नावाचा सिमलिंक (/ऑप्टमधल्या टेसरॅक्टकडे नेणारं दुसरं नाव) केलाय, म्हणजे चुकूनही गल्लत नको. कुणी डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन, सुचवलं होतं, पण एका प्रोग्रॅमसाठी चार जीबीच्या पायवर ते ओझं मला नको वाटतं. ऑप्टमधलं एक फोल्डर उद्या पुसलं की मागे काही उरत नाही.

पुढचा बेत बदललाय. आधी ठरलं होतं की आता जोडाक्षरांच्या ओळी वाढवायच्या. त्याऐवजी आधी पुढची आवृत्ती /ऑप्टमध्ये दुसऱ्या फोल्डरात बसवून दोन्हींना चाचणीची तीच चाळीस पानं देणार आहे. आता ते एका संध्याकाळीत होईल. 'ऱ्ह' आणि 'द्व' वर मार_जुना अजून अडखळते, त्यासाठी १९४० च्या आधीची, खिळे झिजलेली पानं लागतील. कुणाकडे असतील तर कळवा, ६०० डीपीआय ग्रेस्केल हवीत.

क्रॉनमध्ये आईच्या कामाला /यूएसआर/बिन/टेसरॅक्ट आणि माझ्या कामाला /ऑप्टमधला पूर्ण पत्ता लिहिलाय. आज सकाळी लॉग बघितला. तिचे नऊच्या नऊ रिपोर्ट झालेत, आणि १९३८ चा अहवाल पान ३१ वर आहे.