पाव सेकंदाचा एक तास

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये २४ मशीन आहेत. पहिल्या वर्षाच्या कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना मी तिथं प्रेझेंटेशन शिकवते. मुलं त्याला पीपीटीच म्हणतात. आठवड्यातून दोन प्रॅक्टिकल असतात आणि सत्राच्या शेवटी प्रत्येकानं आपली पीपीटी लावून वर्गासमोर सात मिनिटं बोलायचं असतं.

मुलं बहुतेक खेड्यांतून येतात. करवीर, पन्हाळा, राधानगरी, शिरोळ, असे सगळे कोल्हापूर जिल्ह्यातले तालुके. पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून, एसटी पकडून आठच्या प्रॅक्टिकलला हजर होणारी मुलं आहेत. फोनवर त्यांची बोटं माझ्यापेक्षा चौपट वेगानं चालतात, पण माऊसचं उजवं बटण कशाला असतं हे काहींना पहिल्यांदा लॅबमध्येच कळतं. फाईल कुठं सेव्ह केलीस म्हटलं की "मशीनमध्ये" असं उत्तर येतं. मराठी टायपिंगचं वेगळंच. घराजवळच्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून आणतात आणि आमच्या मशीनवर उघडला की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यामुळे पहिले दोन आठवडे युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसेल असं टायपिंग), फोल्डर आणि सेव्ह यातच जातात. मला त्याचं काही वाटत नाही. तेवढं पक्कं झालं की पुढं मुलं झपाट्यानं शिकतात.

खरी अडचण अॅनिमेशनपाशी सुरू होते. तो टॅब एकदा सापडला की मुलं वेडी होतात. शीर्षक गिरक्या घेत येतं, फोटो उड्या मारतो, प्रत्येक ओळ एकेक अक्षर टाइप होत येते आणि सोबत टाइपरायटरचा आवाज. बोलणारा मुलगा पुढची ओळ यायची वाट बघत उभा, वर्गही वाट बघत बसलेला. एका वर्षी सात मिनिटांत एका मुलाच्या तीनच स्लाइड झाल्या. तेव्हापासून मी नियमच केला होता: एकही अॅनिमेशन चालणार नाही. स्लाइड एकदम यावी, स्थिर असावी, तिच्यावर सहाच्या वर ओळी नसाव्यात आणि उरलेलं तोंडानं सांगावं.

या नियमामागं माझं शिक्षणही होतं. मी शिकले ते ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळात. पारदर्शक कागदावर स्केचपेननं लिहिलेलं, खालून दिवा, वर आरसा. पॉवरपॉइंटसुद्धा १९८७ साली मॅकिंटॉशवर पहिल्यांदा आलं ते असल्याच पारदर्शिका छापून काढायचं साधन म्हणून, काळ्या-पांढऱ्या रंगात. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. स्लाइड म्हणजे मुळात एक कागद, आणि कागद हलत नाही, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं होतं.

गेल्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. पंचगंगेकाठच्या गावातली, वाणिज्यची. गप्प बसणारी, पण प्रॅक्टिकल संपल्याची घंटा झाली तरी खुर्चीवरून न उठणारी. विषय मी मुलांनाच निवडायला सांगते. बहुतेकांनी रंकाळा, पन्हाळगड, शाहू महाराज, कोल्हापुरी चप्पल असे घेतले होते. हिनं "२०१९ चा पूर" लिहून दिलं. मी म्हटलं, "बघ बाई, पेपरातले फोटो चिकटवून आणशील तर मार्क मिळणार नाहीत."

"फोटो नाही लावत, मॅडम. मोजमाप लावतो."

आमच्याकडं मुलीही "मी येतो, मी लावतो" असंच बोलतात. बाहेरगावचे पाहुणे दचकतात, आम्हाला ते कानालाही जाणवत नाही.

सादरीकरणाच्या आधीच्या आठवड्यात मी सगळ्यांच्या फाईली एकेक मशीनवर जाऊन तपासत होते. चाळीस मुलं, दीड तास. तिच्या मशीनपाशी आले तर उजव्या बाजूला अॅनिमेशनची यादी उघडी होती आणि तीत वीस नोंदी. हिरव्या चांदण्या, एकाखाली एक. स्लाइड शो चालू करायचं एफ-५ बटण मी दाबलं नाही. कशासाठी आहेत तेही विचारलं नाही. "हे सगळं काढून टाक. वर्गात काय सांगितलंय?" एवढं म्हणून पुढच्या मशीनकडं वळले. ती "हो मॅडम" म्हणाली.

सादरीकरणाचा दिवस शनिवार होता. तिचा नंबर अकरावा. पहिल्या स्लाइडवर तिनं हातानं काढलेला नकाशा होता. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग संगमावर एकत्र येऊन तिथून पुढं पंचगंगा. भोगावतीवर राधानगरी धरण. दुसऱ्या स्लाइडवर नुसता एक आकडा, मोठ्या अक्षरात: १४२८.

"राधानगरीला सात दरवाजे हायत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटर. गुणाकार केला की एका दरवाजातनं एका सेकंदाला चाळीस हजार लिटर होतं."

वर्गात कुणीतरी "आयला" म्हणालं. हा आकडा आम्ही सगळेच दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो, "तिसरा आणि सहावा दरवाजा उघडला" वगैरे. लिटरमध्ये तो मीही कधी करून बघितला नव्हता.

तिसरी स्लाइड स्थिर होती, मी सांगितलं होतं तशी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची मोजपट्टी, तिच्यावर ३९ फुटांना पिवळी रेघ, म्हणजे इशारा पातळी. ४३ ला तांबडी रेघ, धोका पातळी. आणि निळं पाणी दोन्ही रेघा ओलांडून ५५ च्या पुढं गेलेलं. तिनं नीट सांगितलं, सावकाश, आकडे न चुकता. मी मनात चांगले मार्क देऊनही टाकले होते.

मग मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "पण हे चढलं कसं? एकदम का हळूहळू?"

ती थांबली. स्लाइडकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडम, दुसरी फाईल लावू काय?"

मी मान हलवली. तिनं पेनड्राइव्हचा फोल्डर उघडला. पडद्यावर सगळ्या वर्गाला दोन नावं दिसली. एक "पूर मॅडम" आणि एक "पूर खरं". तिनं दुसरी उघडली.

तीच स्लाइड. मोजपट्टी, पिवळी रेघ, तांबडी रेघ. पाणी मात्र ३५ फुटांवर. तिनं क्लिक केलं आणि पाणी चढायला लागलं. एक पातळ निळी पट्टी खालून वर भरत आली, ती भरली की तिच्यावर दुसरी. पहिल्या काही पट्ट्या भराभर आल्या. पिवळी रेघ गेली. ती पडद्याकडं बघत नव्हतीच, तिला तो वेग पाठ होता.

"इथं शाळा सुटली."

पाणी चढत होतं.

"इथं आबांनी जनावरं सोडून पावण्यांकडं नेली."

तांबडी रेघ.

"इथं लाईट गेली."

मग एक पट्टी फार हळू भरायला लागली. एवढी हळू, की पडदा अडकला असं वाटून मी मशीनकडं बघितलं. वर्गात हूं की चूं नाही. ती म्हणाली, "हिथं पाणी थांबलं असं सगळ्यांना वाटलं. शेजारची माणसं भांडी न्यायला परत आली. आमची आजी म्हणाली, आता उतरणार." आणि ती पट्टी भरली, पुढची सुरू झाली, आणि ती भराभर गेली. "हा आमचा उंबरा." मग पुढं तिनं काहीच सांगितलं नाही. पाणी ५५ पर्यंत गेलं आणि थांबलं. पाऊण मिनिट झालं असेल.

शिरोळकडच्या एका मुलानं एवढंच म्हटलं, "तुमच्यात थांबलं तेव्हा आमच्यात यायचं होतं अजून." पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिकडच्या लोकांनी ते पाणी आमच्यापेक्षा जास्त दिवस अंगावर काढलं. त्या वर्गातली निम्मी मुलं तेव्हा आठवी-नववीत होती आणि कुठल्या ना कुठल्या माडीवर, शाळेत, मंगल कार्यालयात बसलेली होती. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी बंद होता. टँकर नाही, पेट्रोल नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. पण चढताना ते किती वेळ चढत होतं, हे कुणी कुणाला असं दाखवलेलं नव्हतं.

तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि ती स्लाइड उघडायला सांगितली. जे आठवड्यापूर्वी करायला हवं होतं ते.

तिनं काय केलं होतं ते नीट सांगते, कारण इतक्या वर्षांत इतकं विचारपूर्वक केलेलं काम मी लॅबमध्ये फार थोडं बघितलंय. स्लाइडची उंची १९.०५ सेंटिमीटर असते. तिनं १ फूट म्हणजे पाव सेंटिमीटर धरलं. म्हणजे ३५ फुटांचा खालचा आयत ८.७५ सेंटिमीटरचा, पिवळी रेघ ९.७५ वर, तांबडी १०.७५ वर. डोळ्यांनी अंदाजे काही ठेवलेलं नव्हतं, शेपच्या फॉरमॅटमध्ये जाऊन आकडे घातलेले. त्याच्यावर प्रत्येक फुटाला एक पट्टी, पाव सेंटिमीटर उंचीची, ५५ पर्यंत वीस. पहिल्या पट्टीला "वाइप" दिलं, म्हणजे एका बाजूनं उघडत जाणारं अॅनिमेशन, दिशा खालून, आणि कंट्रोल-डी दाबून तिच्या नकला काढून बाकीच्या केल्या, म्हणजे अॅनिमेशनही सोबत आलं. पहिली क्लिकवर, बाकीच्या सगळ्या "आफ्टर प्रीव्हियस", म्हणजे आधीची संपली की आपोआप. प्रत्येक पट्टीला तिनं नावही दिलं होतं: "३६ फूट", "३७ फूट". हे मी कधी शिकवलेलंच नाही.

"आणि वेळ?" मी विचारलं.

"मॅडम, ड्युरेशनच्या चौकटीत बाण दाबला की पाव सेकंदानं वाढतंय. म्हणून एक तास म्हणजे पाव सेकंद धरला. जो फूट चढायला चार तास लागले त्याला एक सेकंद. ही हळू पट्टी बघा, सहा सेकंद. अख्खा एक दिवस."

"तासांचे आकडे कुठून आणलेस?"

तिनं सॅकमधून एक वही काढली. गावात तेव्हा व्हॉट्सअॅपवर दिवसातून अनेकदा बंधाऱ्याची पातळी यायची, वेळेसकट. तिच्या आबांनी ते मेसेज वहीत उतरवून ठेवले होते, लाईट जाईपर्यंत पेननं आणि पुढं पेन्सिलीनं. दुधाच्या हिशेबाची वही, डावीकडं लिटर आणि फॅट, उजवीकडं फूट आणि इंच. एका पानावर पाण्याचा डाग होता, त्यात दोन आकडे पुसटले होते. तिथं तिनं आबांना विचारून घेतलं होतं.

मी तिला म्हटलं, "मी हे काढून टाक म्हणाले ते चुकलं. मी बघायला पाहिजे होतं."

"पण मॅडम, बाकीच्यांचं उड्या मारतंय ते वाईटच दिसतंय की," ती म्हणाली, अगदी मनापासून. "हे पाणी खरंच चढलेलं, म्हणून चढवलं."

त्या दिवशी संध्याकाळी मी सूचनांचा कागद पुन्हा टाइप केला. "अॅनिमेशन नको" ही ओळ काढली आणि तिच्या जागी लिहिलं: "जे खऱ्यात हलतं तेच स्लाइडवर हलवा. किती वेळात हलतं ते आधी मोजा." आणि स्वतःसाठी पेननं खाली एक ओळ घातली: प्रत्येक फाईल एफ-५ दाबून पूर्ण बघायची, चाळीस असल्या तरी. आता तपासणीला मी दोन दिवस घेते.

माझे शिक्षक ओएचपीवर पारदर्शिका ठेवायचे तेव्हा तिच्यावर एक कोरा कागद झाकायचे आणि बोलता बोलता तो बोटानं खाली ओढायचे, एकेक ओळ उघडी करत. अवघड ओळीपाशी बोट थांबायचं. आम्ही मुलं त्या बोटाकडं बघत बसायचो. कागद हलत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले, आणि ते बोट मला त्या रात्री आठवलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा लॅबमध्ये आली. मार्क लागून गेले होते, पेपरही संपला होता. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी एकानं नंतर विचारलं, उतरताना कसं उतरलं. ते मी केलंच नव्हतं. आबांच्या वहीत उतरतानाचे आकडे कमी हायत, तेव्हा सगळी चिखल काढत होती. जेवढे हायत तेवढ्याचं करायचंय. पाणी खाली कसं न्यायचं?"

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. येण्याच्या अॅनिमेशनला हिरवी चांदणी असते, जाण्याच्या अॅनिमेशनला तांबडी. त्या तांबड्या यादीतही "वाइप" आहे. दिशेपाशी आम्ही दोघी अडलो, खालून दिलं तर पट्टी तळातून नाहीशी होऊन पाणी हवेत लटकायला लागलं. मग "वरून" दिलं आणि पाणी उतरायला लागलं, सगळ्यात वरच्या पट्टीपासून, उलट्या क्रमानं. ५५, ५४, ५३. चढण्यापेक्षा कितीतरी सावकाश. वहीत जिथं आकडा नव्हता तिथं तिनं पट्टीला राखाडी रंग दिला, म्हणजे हे मोजलेलं नाही हे बघणाऱ्याला कळावं.

सगळं झाल्यावर तिनं उंबऱ्याच्या रेघेवर एक तपकिरी पट्टी काढली, अर्ध्या फुटाची. मी विचारलं, हिला कुठलं अॅनिमेशन देणार?

"हिला काहीच नाही, मॅडम. हा चिखल. हा पाण्याबरोबर जात नाही."