८ इंची आरसा, नोंद ९ : निम्मी कड भुताची निघाली

घरी हातानं घासून बनवत असलेला दुर्बिणीचा आरसा माळ्यावरून खाली आलाय. जूनपासून तो जुन्या सुती साडीत गुंडाळून दिवाळीच्या माळांच्या खोक्याशेजारी पडला होता. मध्ये दोघा-तिघांनी विचारलं, मी 'पाऊस आहे, दमट हवेत पॉलिशची राळ नीट बसत नाही' असं सांगून वेळ मारून नेली. खरं कारण पाऊस नव्हता. आरशाचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती.

नोंद ८ कुठं थांबली होती ते आठवत असेल. तिसऱ्यांदा गोल (गोलाच्या तुकड्यासारखा खळगा) करून तिसऱ्यांदा पॅराबोला (दुर्बिणीला लागणारा आकार) चढवला आणि तिसऱ्यांदा कड पडली, म्हणजे काठ हव्या त्या आकाराच्या खाली झुकला. बाहेरचे चांगले ६ मिमी. २०३ मिमी व्यास, एफ/६ (फोकल लांबी व्यासाच्या सहापट), म्हणजे आपल्या चालत्या दिव्याच्या टेस्टरवर (दिवा आणि ब्लेड एकत्र सरकतात) मध्य ते कड यांच्या फोकसमध्ये २.१ मिमी फरक यायला हवा, मला २.९ येत होता. छोटे स्ट्रोक झाले, आरसा खाली आणि घासायचं टूल वर ठेवून झालं, कडेला अंगठ्यानं पॉलिश करून झालं. अंगठ्याच्या पायी मध्यापासून सत्तर टक्के त्रिज्येवर एक वळ उठला तो वेगळाच. गोल आणि पॅराबोला यांत या आरशावर फरक जेमतेम एका मायक्रॉनचा. केसाच्या जाडीत असे साठ-सत्तर मायक्रॉन मावतात. एवढ्याशा गोष्टीनं जानेवारी ते जून माझे सगळे रविवार खाल्ले.

त्या काळात हितचिंतकांनी धीर द्यायला गोष्टी सांगितल्या. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल सोळा सोळा तास आरशावरचा हात न काढता घासत बसे आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवी. माझी बहीण नांदेडला असते. दुसरी गोष्ट हबल अवकाश दुर्बिणीची: २.४ मीटरचा आरसा, कड २.२ मायक्रॉननं जास्त सपाट, १९९०च्या एप्रिलमध्ये वर गेल्यावर कळलं आणि १९९३च्या डिसेंबरात दुरुस्त झालं. त्यांच्याकडे शटल होतं, माझ्याकडे पॉलिशच्या सीरियम पावडरची अर्धी पुडी. थकलेल्या माणसाला थोरांच्या गोष्टी सांगू नयेत, त्यानं तो आणखी थकतो, हे माझं मत.

मग दिवाळीला आईकडे साताऱ्याला गेलो. पाट्याला टाकी लावणारी बाई बऱ्याच वर्षांनी आमच्या बोळात आली होती. आईनं पाटा अंगणात काढून दिला. बाईनं छिन्नी लावायच्या आधी पाट्यावरून तळहात फिरवला, एकदा उभा, एकदा आडवा, आणि विचारलं, "डाव्या हातावर जोर देऊन कोण वाटतंय?" आई डावखुरी आहे. बाईनं तिला तोवर काही करताना पाहिलंही नव्हतं. "ह्या अंगाला जास्त झिजलाय न्हवं," एवढं बोलून ती ठोकायला लागली.

मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलो होतो, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा आरशाबद्दल प्रश्न पडला: माझा जोर कुठल्या अंगाला पडतो? कड सगळीकडून सारखी पडलीये की एकाच बाजूनं? मी आरसा स्टँडवर दर वेळी एकाच जागी ठेवत होतो, मागची मार्करची खूण वर. फिरवून कधी पाहिलाच नव्हता. बसमध्ये खंबाटकी घाट उतरेपर्यंत माझी खात्री पटली होती की माझा उजवा हात जड आहे आणि सगळी भानगड त्याचीच आहे.

पुण्यात पोचलो त्याच रात्री साडी सोडली. फूको-पेटी (ब्लेडनं प्रकाश कापून आरशाचा आकार बघायचा टेस्टर) लावली, ब्लेड नवं घातलं, खूण वर, मग ९० अंश, मग १८०, २७०. कल्पना साफ चुकीची. कड चारही बाजूंनी सारखीच. उजवा हात निर्दोष.

पण पडलेली कड होती कुठं? कड चांगली असेल तर ब्लेडसमोर काठाच्या दोन्ही बाजूंना केसासारखी उजळ रेघ दिसते. मे महिन्यात एका बाजूची ती रेघ पूर्ण गायब होती. आता ती दिसत होती, फिकट, तुटक, पण होती. पडलेला भाग ६ मिमीवरून जेमतेम ३ मिमीवर. कूडेर मास्क (आरशाचा एकेक पट्टा वेगळा मोजायचा, भोकं पाडलेला पुठ्ठा) लावून चार वेळा मोजलं, सरासरी २.४ मिमी. काचेला जूननंतर कुणी हात लावलेला नाही. साडीत गुंडाळून काच सुधारत असती तर आपण सगळ्यांनी साड्यांचाच साठा केला असता.

रात्री एक वाजता वही काढली. माझ्या नोंदी गचाळ असतात, पण वेळ मी लिहितो. १८ मे: 'चारला धुतला. पावणेपाचला टेस्ट. कड पडलेली.' ११ मे: 'साडेतीनला धुतला, सव्वाचारला टेस्ट.' आणि धुतला कशानं? गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं, मे महिन्यातल्या दुपारी. पुण्यातल्यांना सांगायला नको, त्या वेळी नळाखाली हात धरवत नाही. तो तापलेला आरसा मी उचलून कूलरनं गार केलेल्या खोलीत नेत होतो, 'हवा स्थिर व्हावी' म्हणून कूलर बंद करत होतो, आणि पाऊण तासात टेस्ट. साधी काच, २५ मिमी जाड. निवताना कड आधी आकसते, पोट गरमच राहतं, आणि ब्लेडसमोर हुबेहूब पडलेली कड दिसते.

आरसा निवू द्यावा हे मला माहीत नव्हतं असं नाही. हाताची ऊब जायला अर्धा तास पुरतो, एवढंच डोक्यात होतं. आयुकातल्या (पुण्यातली खगोलसंस्था) कार्यशाळेत ६ इंची आरसा केला तेव्हा संध्याकाळी वेळ संपायची म्हणून टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी होई. तो आरसा पहिल्या फटक्यात जमला आणि मी ते श्रेय स्वतःच्या हाताला दिलं.

खात्री करायची म्हणून दुसऱ्या संध्याकाळी मुद्दाम खोड काढली. टबात ४२ अंशांचं पाणी (मत्स्यालयाच्या दुकानातला थर्मामीटर, स्वस्त आणि झकास), आरसा हळूहळू सोडून वीस मिनिटं, पुसून स्टँडवर. खोली २५ अंश. पंधराव्या मिनिटाला मोजण्यासारखं काहीच नाही, नुसत्या गरम हवेच्या लाटा. चाळिसाव्या मिनिटाला चित्र स्थिर, आणि समोर मे महिना जसाच्या तसा! ३.१ मिमी, रेघ गायब. दीड तासानं २.६. अडीच तासानं २.४, रेघ परत, आणि त्यानंतर हललं नाही. बायकोला बोलावून दाखवलं. 'म्हणजे तू सहा महिने गरम काच घासत होतास,' ती म्हणाली. इतका नेमका सारांश मला जमला नसता.

वाईट भाग असा की पहिल्या फेरीत कड कदाचित बरी असेलही. त्या भुताला मारण्यासाठी मी जे जे केलं त्यातून ही खरी ३ मिमीची पडली. तिची दोन कारणं दिसतात. एक, कडेचं चँफर (काठाची तिरकी घासलेली कोर) पूर्ण झिजलंय. ग्राइंडिंगनंतर मी ते पुन्हा काढलंच नाही. दोन, लॅप (पॉलिश करायचा राळेचा थर) जानेवारीतला. थंडीत बरोबर लागलेली राळ मेमध्ये शिऱ्यासारखी झाली, आरसा तिच्यात रुतला आणि कडेला ती वर चढली.

चँफर काल काढलं. ओला पॉलिश पेपर, वीस मिनिटांचं काम, सहा महिने टाळलेलं. १.५ मिमी, सगळीकडे सारखं. बोटानं फिरवून बघावंसं वाटतं इतकं छान झालंय.

लॅप नवा. राळ बोहरी आळीतून आणली. परदेशी पिच (तयार राळ) एकदा वापरलंय, उत्तम असतं, पण त्या किमतीत माझा फोकसर (नेत्रिका पुढेमागे करायची नळी) येतो. आपल्या राळेत टर्पेंटाइनचा अंदाज नीट बसवला तर कुठं अडत नाही. (टर्पेंटाइन आच बंद करूनच घाला. मागच्या वेळच्या माझ्या भुवया आठवा.) या खेपेला राळ किती मऊ ते बघायची अंगठ्याच्या नखाची परीक्षा २५ अंशांना घेतली आणि वर्षभर एकच लॅप चालवायचा हट्ट सोडला. हिवाळ्याचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, डब्यावर तारीख. चौकोनांवर बारीक जाळी उठवायला कांद्याची जाळीदार पिशवी: पाच किलोवाली, दहावालीची भोकं मोठी पडतात. सीरियम मात्र मागच्या मुंबईच्या विक्रेत्याकडून घेणार नाही. त्याच्या पुडीत काहीतरी खरबरीत होतं, दोन ओरखडे अजून मिरवतोय.

बेत असा होता: गोल करायचा, चौथ्यांदा पॅराबोला, फेब्रुवारीत ॲल्युमिनायझिंग (काचेवर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर). पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? १० जानेवारी २०२६ला गुरू प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) येतोय, मिथुनेत, आपल्या जवळजवळ डोक्यावर. शनीचं या वर्षी, २०२५मध्ये, काही खरं नाही, कडी सुईसारखी आडवी झालीत. पण असा गुरू हातचा घालवायचा? कडेला ३ मिमीची काळी रिंग लावली तर १९७ मिमीचा आरसा उरतो, प्रकाश जातो सहाएक टक्के. डोळ्याला कळणारही नाही. आणि कोटिंगशिवाय साधी काचही चार टक्के परावर्तन देते. गुरूला तेवढं पुरावं. उघड्या काचेनं एकदा आकाशात बघितल्याशिवाय तिला पुन्हा राळेवर टेकवायची नाही, असं आत्ता ठरतंय. तर नवा लॅप थांबेल, आधी सोनोट्यूब (दुर्बिणीच्या अंगाची जाड पुठ्ठ्याची नळी) मिळवून कापतो. ट्यूबचं माप ६ इंचीसाठी काढलेलं आहे, ते बदलावं लागेल. फोकल लांबी १२१८ मिमी.

आरसा साडेसातपासून स्टँडवर आहे, घड्याळ समोर. दहाच्या आत हात लावणार नाही. कुणाकडे २६०-२८० मिमी व्यासाची जाड पुठ्ठ्याची नळी, निदान सव्वा मीटर लांब, पडून असेल तर कळवा. पुण्यात कुठूनही येऊन घेऊन जाईन.